सदरेवर आपली जागा



गावाकडून नागपूरला कामासाठी येणारी बाई कधी ना कधी सदरला येऊन जाते. सदर आणि त्याला लागून असलेली सिव्हिल लाइन्स. जिल्हा परिषद याच भागात, जिल्हाधिकारी कार्यालय याच भागात, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि विधानभवनही इथेच. आम्ही गटाच्या कामासाठी इथे किती हेलपाटे मारले त्याची मोजदाद नाही. हातात पिशवी, पिशवीत झेरॉक्स, डब्यात भाकरी. साहेब जेवायला गेले असले की बाहेरच्या झाडाखाली बसायचं. अशाच एका दुपारी झाडाखाली बसल्या बसल्या आमच्यात बोलणं निघालं, की या भागाला सदर म्हणतात आणि वाड्यातल्या बैठकीलाही सदरच म्हणतात.

जुना वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सदर माहीत आहे. दरवाज्यातून आत शिरलं की पुढची मोठी बैठक. तिथे पाटील, कारभारी, जाणती माणसं बसायची. तंटे तिथेच ऐकायचे, हिशेब तिथेच व्हायचे, गावाचं बरंवाईट तिथेच ठरायचं. घरची बाई मात्र माजघरात. कान दाराकडे, हात पिठात. विहिरीचं पाणी कोणाला किती, जमिनीचा बांध कुठे, पोरीचं लग्न कुठे, हे सगळं सदरेवर ठरायचं. बोलण्याचा विषय तिचा असला तरी बसायची जागा तिची नव्हती.

आता वाडे गेले. राज्य लोकांचं आलं. आपल्या सगळ्यांच्या बोटाला शाई लागते. पण आम्ही गटाच्या बैठकीत एक प्रश्न विचारला होता, तोच आज तुम्हालाही विचारतो. मत दिलं त्या दिवसापासून पुढच्या मतदानापर्यंतच्या पाच वर्षांत आपण सदरेवर असतो की माजघरात?

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खरं वाटणार नाही.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या कायद्यात अशी तरतूद आहे, की प्रत्येक ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायांची वेगळी सभा झाली पाहिजे. तिला आपण महिला ग्रामसभा म्हणतो. बायांनी आपलं म्हणणं आधी मोकळेपणी मांडावं, त्याचा ठराव व्हावा आणि तो मोठ्या ग्रामसभेपुढे जावा, हा तिचा हेतू. आमच्या एका गावात ही सभा कित्येक वर्षं दर वेळी ‘होत’ होती. कशी होत होती ते ऐका. सव्वीस जानेवारीच्या आधी ठरावाची वही आमच्याकडे यायची. “ताई, तुमच्या गटाच्या बाया तुमचं ऐकतात, तेवढ्या सह्या घेऊन टाका.” आणि आम्ही ती वही घेऊन घरोघर फिरायचो. तेव्हा कापसाचा शेवटचा वेचा चालू असायचा, तुरीची कापणी चालू असायची. बाया संध्याकाळी दमून आलेल्या. चुलीपाशी बसूनच त्या सही करायच्या, कोणी अंगठा द्यायची. कोणी विचारलंच नाही की वर काय लिहिलं आहे. आम्हीही वाचून दाखवलं नाही. आम्हाला वाटलं, छोटंसं काम आहे, पंचायतीशी संबंध चांगले राहतील, उद्या गटालाच उपयोग होईल.

एकदा एका म्हाताऱ्या मावशीने सही करता करता विचारलं, “काऊन वो ताई, आम्ही बोललेलं या वहीत येते का?” आम्ही म्हटलं, येतं ना मावशी. आणि पुढच्या घरी गेलो. ती तर त्या दिवशी काही बोललीच नव्हती.

मावशीचा तो प्रश्न मनात ठेवून आम्ही मागचा इतिहास वाचायला घेतला. गटात आम्ही दर महिन्याला काहीतरी वाचतो. या वेळी विषय घेतला, मताशिवाय लोकांनी राज्यकारभारात भाग कसा घेतला. आणि गंमत अशी, की यातलं बरंचसं याच सदरच्या आसपास घडलेलं निघालं.

सुरुवात करू १९२३ पासून. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या साहेबांची वस्ती. नागपूरच्या लोकांना तिरंगा घेऊन तिथून मिरवणूक न्यायची होती. सरकारने बंदी घातली. आपल्याच गावातल्या रस्त्यावरून आपलंच निशाण घेऊन चालायला मनाई! मग १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. रोज काही माणसं झेंडा घेऊन निघत, बंदीच्या हद्दीपाशी अडवली जात आणि तुरुंगात जात. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढे होते. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसं येत राहिली आणि हजारावर लोक तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच बंदी असलेल्या भागातून झेंड्यासह गेली. याला आपण झेंडा सत्याग्रह म्हणतो.

यात एक बाई होती. नाव सुभद्राकुमारी चौहान, जबलपूरच्या. झाशीच्या राणीवरची त्यांची हिंदी कविता शाळेत कित्येकांनी ऐकली असेल. त्या वेळी त्यांचं वय विशीच्याही आत होतं. नागपूरच्या या सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या महिला सत्याग्रही म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांना मत नव्हतं, खुर्ची नव्हती, हातात फक्त झेंडा होता. रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्यांनी चालून विचारला.

दुसरी तारीख लक्षात ठेवा, २० जुलै १९४२. याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या असं नोंदलेलं आहे. पावसाळ्याचे दिवस, आजच्यासारखी एसटी नाही, फोन नाही. गिरणीत काम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाया. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यापुढे बोलले. समाज किती पुढे गेला हे त्यातल्या बाया किती पुढे गेल्या यावरून आपण मोजतो, असं त्यांनी सांगितलं. लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीची मैत्रीण व्हा, हेही सांगितलं.

आम्हाला भाषणाइतकेच त्या परिषदेचे ठराव मोलाचे वाटले. एकापेक्षा जास्त बायका करण्यावर कायद्याने बंदी आणा. बाईला घटस्फोटाचा हक्क द्या. गिरणीतल्या बायांना पगारी रजा द्या. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायांना जागा द्या. मैत्रिणींनो, हे १९४२ साल आहे. तेव्हा मत द्यायला मालमत्ता किंवा शिक्षण लागायचं. त्या मांडवात बसलेल्या बहुतेक बायांना मतच नव्हतं. सगळ्यांना सारखं मत मिळालं ते १९५० च्या संविधानाने, आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९५१-५२ साली. म्हणजे मत मिळण्याच्या आधी आठ वर्षं या बाया कायदा कसा असावा हे सांगत होत्या. हिंदू कायद्यातली दुसऱ्या बायकोवरची बंदी आणि घटस्फोटाचा हक्क १९५५ साली आला. पंचायतीत बायांना राखीव जागा १९९० च्या दशकात आल्या. जे मागितलं ते तेरा वर्षांनी, पन्नास वर्षांनी मिळालं. पण मागणी कागदावर त्या बायांनीच चढवली होती, आणि ती त्यांच्या तोंडून निघालेली होती.

आता आमच्या वहीतली सही आठवा. त्या बायांना मत नव्हतं पण ठराव होता. आम्हाला मत आहे, आणि ठराव दुसऱ्याने लिहिलेला.

पुढे चला. १९५३ च्या नागपूर करारानंतर असं ठरलं, की विदर्भ महाराष्ट्रात आला तर विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला व्हावं. १९६० पासून हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. आणि त्यासोबत मोर्चे सुरू झाले. डिसेंबर आला की राज्यभरातून माणसं नागपुरात येतात. अंगणवाडीच्या ताया, आशाताई, शेतकरी, कोतवाल, विडी कामगार. निवडून दिलेली माणसं आत बोलतात, निवडून देणारी बाहेर उभी राहून आठवण करून देतात. मोर्चा ही आपल्या लोकशाहीची बोली आहे. बायांनी ती चांगली अवगत केली आहे. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. स्वयंपाकघरातली वस्तू त्यांनी सदरेवर नेली.

पण मोर्चाची किंमतही मोठी असते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचे हजारो लोक आपल्याला अनुसूचित जमातीत धरा, ही मागणी घेऊन नागपूरला आले. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी त्यांना अडवण्यात आलं. निवेदन घ्यायला कोणी मंत्री येईल म्हणून ते थांबले. सांज झाली. मग गोंधळ उडाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बाया आणि लेकरंच जास्त होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, आणि दर वर्षी २३ नोव्हेंबरला माणसं तिथे फुलं वाहायला येतात. पुढे गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतलं. २०१८ साली नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मागणी अजून उभीच आहे. सदरला येताना आमची गाडी त्या उड्डाणपुलावरून जाते, त्यालाही गोवारी शहिदांचं नाव आहे. एका कागदावर कोणी सही करून घ्यावी एवढ्यासाठी लेकरं कडेवर घेऊन आलेल्या त्या बाया होत्या. आणि आम्ही मात्र वही न वाचता सह्या गोळा करत होतो.

तिसरी गोष्ट तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली, आपल्या आठवणीतली. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून पायी नागपूरला आल्या. अधिवेशन चालू होतं. मागणी एक, जिल्ह्यात दारूबंदी करा. श्रमिक एल्गार संघटना आणि पारोमिता गोस्वामी यांनी हे आंदोलन उभं केलं होतं. चालत येणं हा त्यातला दिसणारा भाग. त्यामागे न दिसणारं काम होतं. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले होते. सरकारला समिती नेमावी लागली. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मग मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली.

बंदी बरी की वाईट, यावर गटागटांत वाद होतात. आमच्यातही होतात. चोरटी दारू वाढली, असं काही जणी म्हणतात. घरातला मार थांबला होता, असं काही जणी सांगतात. आज आम्हाला त्यातून वेगळं काही घ्यायचं आहे. जे ठरावाने आणि चालून मिळालं, ते सहा वर्षांत गेलं. म्हणजे एकदा मागून मिळालं की काम संपत नाही. जे मिळालं ते नीट चाललं आहे की नाही हे बघायला, अडचण कुठे आहे ते बोलायला, बायांना दर महिन्याला बसता येईल अशी जागा हवी. मोर्चा वर्षातून एकदा निघतो. बैठक दर महिन्याला होऊ शकते.

अशी बैठक कशी असते हे बघायचं असेल तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाकडे बघा. लेखा गावाशेजारचं मेंढा, म्हणून मेंढा-लेखा म्हणतात. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा देशभर गेली. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. वेळ लागतो, पण ठरलेलं टिकतं. देवाजी तोफा हे तिथले जाणते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र त्यांच्याबरोबर राहिले. यात आणखी एक गोष्ट होती, अभ्यास गट. ग्रामसभा ठरवायला, आणि अभ्यास गट समजून घ्यायला. कायदा काय म्हणतो, जंगलाच्या नोंदी काय आहेत, हे आधी बसून वाचायचं. मग ग्रामसभेत बोलायचं.

२००६ साली वनहक्क कायदा आला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याकडून घ्यायचा, अशी अडचण राहिली. गाव अडून बसलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. बघा, मोर्चात माणसं सदरेकडे जातात. इथे सदर गावात आली, कारण गावाने आपला अभ्यास पक्का केला होता.

कागद बघायचा हक्कही असाच लढून आला आहे. राजस्थानात १९९४ पासून मजूर माणसं जनसुनवाई भरवू लागली. गावच्या कामाची हजेरीपटं सर्वांपुढे मोठ्याने वाचायची. मेलेल्या माणसांची नावं हजेरीत निघाली, न झालेली कामं झालेली निघाली. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांनी उपोषणं केली आणि २००२ साली राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा झाला. १२ ऑक्टोबर २००५ पासून साऱ्या देशाचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, आणि तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तो दहाचा स्टॅम्पही लागत नाही.

जगातही लोक नव्या वाटा शोधत आहेत. ब्राझील देशातल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नगरपालिकेच्या पैशातून काय करायचं हे वस्तीतल्या लोकांच्या सभा सुचवू लागल्या. आपल्या पुण्यातही २००६ पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवतात.

आयर्लंडची गोष्ट तर आपल्या फार जवळची आहे. मूळच्या बेळगावकडच्या सविता हलप्पनवार तिथे दंतवैद्य होत्या. २०१२ साली गरोदरपणात त्यांची तब्येत बिघडली. गर्भ वाचणार नव्हता, पण तिथल्या कायद्याच्या भीतीने गर्भपात वेळेवर झाला नाही आणि सविता गेल्या. देश हादरला. मग २०१६ साली तिथे नागरिकांची सभा नेमली गेली. ९९ साधी माणसं, चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडलेली, आणि अध्यक्ष एक न्यायाधीश. आपल्या भिशीत चिठ्ठी निघते ना, तसंच समजा. कोणी गृहिणी, कोणी नोकरदार. त्यांनी महिनोन्‌महिने तज्ज्ञांचं ऐकलं, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि कायदा बदला अशी शिफारस केली. मे २०१८ मध्ये देशाने मतदान केलं आणि दर तिघांतल्या दोघांनी बदलाला हो म्हटलं. साध्या माणसाला वेळ दिला, माहिती दिली, तर अवघड प्रश्नावरही ते नीट विचार करतं, हे त्यातून दिसलं.

मेंढ्याचा अभ्यास गट आणि आयर्लंडची नागरिक सभा, दोन्हींचा धडा एकच. आधी समजून घ्या, मग बोला, आणि बोललेलं लिहून ठेवा. आपल्या बचत गटात आपण हेच तर करतो. दर महिन्याला गोल बसतो, हिशेब मोठ्याने वाचतो, कर्ज कोणाला द्यायचं ते सर्वांसमोर ठरवतो, मगच सही करतो. गटाच्या वहीवर न वाचता सही करायला कोणी सांगितलं तर आपण करू का? मग गावाच्या वहीवर का केली?

एवढं वाचून झाल्यावर आम्ही आमच्या त्या गावात माहितीचा अर्ज टाकला. मागच्या दोन वर्षांच्या महिला सभांची कार्यवाही द्या आणि महिला-बालकल्याणाच्या दहा टक्के रकमेचा खर्च द्या. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के बाया आणि लेकरांसाठी खर्च करायचे असतात, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. प्रती मिळाल्या. गटात बसून मोठ्याने वाचल्या. एका ठरावात लिहिलं होतं, की महिलांच्या मागणीनुसार कार्यालयासाठी खुर्च्या घेण्यात याव्यात. आणि खाली, ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर’. त्याखाली आमच्या सह्या. आमच्या गटाच्या, त्या मावशीच्या, सगळ्यांच्या.

आधी हसू आलं. मग कोणी बोलेना. खुर्च्या मागणारी बाई गावात कोणीच नव्हती. मागणी होती ती हातपंपाजवळ धुण्याच्या ओट्याची, कारण चिखलात उभं राहून पाय सडतात. दोष एकट्या पंचायतीचा नव्हता. वही आम्ही फिरवली होती. आम्ही मावशीकडे गेलो आणि सांगितलं, मावशी, तुमचं बोलणं वहीत आलं नव्हतं, आम्ही खोटं सांगितलं. मावशी म्हणाली, “मले माहीतच होतं. पण तुम्ही सांगाले आल्या, हे बरं केलं.”

त्यानंतरच्या महिला सभेच्या वेळी आम्ही वही फिरवायला नकार दिला. वाईटपणा आला. सभेची वेळ कामावरून परतल्यानंतरची ठेवा असा अर्ज दिला. दवंडी द्यायला लावली. सभेच्या आधी दोन वेळा गटात बसून तीन मागण्या पक्क्या केल्या : धुण्याचा ओटा, मुलींच्या शाळेच्या वाटेवर दिवा आणि अंगणवाडीला संडास. सभेला बाया आल्या. सगळ्या नाही आल्या. काही जणींना घरूनच अडवलं. पण आलेल्या बोलल्या. लिहून झाल्यावर आम्ही म्हटलं, वाचून दाखवा. वाचून दाखवलं. एका ठिकाणी शब्द बदलायला लावला. मग सह्या केल्या. दिवा लागला. ओटा झाला, थोडा उतरता झाला, पाणी एकीकडेच जातं. अंगणवाडीचा संडास अजून कागदावरच आहे, आणि दर सभेत आम्ही त्याची आठवण काढतो.

मैत्रिणींनो, २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या अर्ध्या जागा बायांच्या आहेत. सरपंचाच्या खुर्चीत बाई बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्याऐवजी तिचा नवरा बोलतानाही पाहिलं आहे. निवडून गेलेल्या बाईच्या मागे बोलत्या बाया असल्या तरच तिचा आवाज निघतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेआधी तुमच्या गटात चार गोष्टी करून बघा. महिला सभेची तारीख आणि वेळ विचारा. सभेच्या आधी एकदा बसून मागण्या ठरवा, फार नाही, दोन-तीन. ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नका. आणि सहीनंतर ठरावाची प्रत मागा, ती गटाच्या पेटीत पासबुकाजवळ ठेवा. लिहिता-वाचता न येणारी बाईही हे करू शकते, कारण वाचून दाखवा, एवढंच तिला म्हणायचं आहे.

१९२३ साली या रस्त्यावर चालायची मनाई होती. १९४२ साली मत नसलेल्या बायांनी कायदा कसा असावा हे सांगितलं. १९९४ साली ११४ जण निवेदनाची वाट पाहत गेले. त्यांच्यामुळे आज आपण सदरला येऊन अर्ज देऊ शकतो. आता आपल्या गावातल्या सभेत, शाळेच्या पटांगणात चटई टाकून बसायचं आहे. ती चटई हीच आपली सदर. मावशी तिथे दर वेळी पहिल्या रांगेत बसते आणि ठराव वाचून झाला की विचारते, “मी बोलली ते आलं का?” आलं असेल, तरच ती अंगठा पुढे करते.